अकरा लाल रेघा

मेलवीथी, तंजावूर
३ ऑगस्ट १९९५

भुवने,

तुझं पाकीट काल पोचलं. पत्रात आधी खुशाली विचारायची असते, ती मी शेवटी विचारीन. डोकं तापलंय, ते आधी मोकळं करते.

पाकिटातून पडलं काय, तर इंग्लिश पेपरचा एक तुकडा, माझ्या करंगळीएवढा. चार ओळी. त्यात लाल पेन्सिलीनं एक रेघ, तुझ्या हरीच्या नावाखाली. आणि वर लिहितेस, 'अक्का, आपल्या मुलांचं नाव पेपरात आलं बघ.' मुलांचं कुठे गं? मला इंग्लिश येत नाही, चौथीत शाळा सुटली ती सुटली. पण दोन नावांचे आकार मी कोलमच्या रांगोळीतल्या ठिपक्यांसारखे पाठ केलेत, एक हरीचा नि एक माझ्या रघुचा. त्या चार ओळींत रघु नाही. चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं. नाही म्हणजे नाही.

सहा वर्षं मृदंग कोण शिकलं? रोज सायकल मारत तिरुवैयारुला गुरुजींकडे कोण गेलं? तुझा हरी सुट्टीत इथे यायचा, बाहेरच्या ओट्यावर बसून पाय हलवायचा नि रघुचा सराव झाला की 'चल, क्रिकेट' म्हणायचा. आज बँड दोघांचा, नि नाव एकट्याचं.

बँडचं तरी नाव काय, 'लो वोल्टेज'! अगं, ते आम्हाला इथे रोज संध्याकाळी फुकट मिळतं. त्यासाठी बंगळूरला जाऊन मावशीच्या गच्चीवर राहायला कशाला पाहिजे?

माझी अडचण तुला ठाऊक आहे. पापनाशमच्या खताच्या सोसायटीतली टेबलखुर्चीची नोकरी रघुनं तीन महिन्यांत सोडली, त्या दिवसापासून आमच्या यांनी त्याचं नाव तोंडातून काढलेलं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी गोपालकृष्ण म्हणजे आमच्या यांचे जुने मित्र, म्हणून जागा पोंगलपर्यंत रिकामी ठेवतो म्हणालेत. पोंगलनंतर संपलं. आणि गल्लीत मी सांगून बसलेय की पोरगा कंप्यूटर कंपनीत आहे. समोरची राजम रोज विचारते, 'कुठली कंपनी, धनलक्ष्मी?' मी म्हणते, मोठी आहे. आता हा तुकडा वाचून घेऊ कुणाकडून? यांना इंग्लिश येतं, पण यांच्यापुढे न्यायची सोय नाही. तेव्हा जे काय छापून येईल त्याचा अर्थ तूच लिहीत जा. आजोबांनी आपल्या दोघी चुलत बहिणींना पाटीवर गिरवायला लावलेलं हे मराठी अक्षर या घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही, तेवढं एक बरं आहे. पत्र जेवणाच्या पाटावर पडलं तरी भीती नाही.

आणखी एक. पुरण शिजवायचं माझं पितळेचं पातेलं रघु घेऊन गेलाय. गाण्यात पातेलं कशाला लागतं ते विचारून कळव.

तू बरी आहेस ना? व्यंकटरमणांचा गुडघा कसा आहे?

अक्का


बसवनगुडी, बंगळूर
१९ ऑगस्ट १९९५

प्रिय अक्का,

साष्टांग नमस्कार. रागावू नकोस गं. चार ओळींत किती नावं मावणार? हरी पुढे उभा राहून गातो, म्हणून त्याचं आलं.

पातेल्याचं विचारलं. रघु त्यात थोडं पाणी ठेवतो, बाहेरून एक वायर चिकटवतो नि बोटांनी वाजवतो. वायर स्पीकरला जाते. पाणी हलतं तसा आवाज वाकतो. मला त्यातलं काही समजत नाही, पण बघायला माणसं येतात. परवाच्या कार्यक्रमाला साठजण होते. हरी म्हणतो, साठ म्हणजे पुष्कळ, असल्या संगीताला विलायतेतसुद्धा तेवढेच असतात.

मोठी बातमी म्हणजे 'डेसिबल' नावाचं मासिक आहे, नुसतं गाण्यावरचं, गुळगुळीत कागदावर छापतात. त्याचा माणूस आमच्या घरी आला होता! दाढीवाला, हातात छोटा टेपरेकॉर्डर. दोन तास बसला. हरी किती बोलला म्हणून सांगू, जगातल्या कुठल्या कुठल्या बँडची नावं घेत होता. रघु आपला भिंतीला टेकून गप्प. त्या माणसानं त्याला दोनदा विचारलं, तर हा म्हणाला, 'मी वाजवतो फक्त.' तुला माहीत आहे तो लाजाळू आहे.

माणूस जेवूनच गेला. सांबार तीनदा मागितलं. आपल्या घरचं, चिंचेचं, जसं आजी करायची तसं. फोटोही काढले.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बायका आता मला 'हरीची आई' म्हणतात. आधी 'वरच्या' म्हणायच्या.

तुझी,
भुवना


मेलवीथी, तंजावूर
८ ऑक्टोबर १९९५

भुवने,

तू 'हरीची आई' झालीस, फार छान. मी अजून रंगरावांची बायको नि कंप्यूटरवाल्याची खोटारडी आई आहे.

आता ऐक. काल राजम तमिळ साप्ताहिक घेऊन आली, पानात बोट घालून. मागच्या बाजूला थट्टेचं सदर असतं बघ, तिथे तुमच्या लो वोल्टेजवर लिहिलंय. तमिळ मला वाचता येतं, हळू का होईना. लिहिलंय की बंगळूरात आपल्या तंजावूरकडची पोरं ग्राइंडर, बादली नि कुकरची शिटी यांचा कार्यक्रम करतात आणि त्याला संगीत म्हणतात. ऐकणाऱ्यांना कापूस फुकट द्यावा. आणि पुढारी कोण, तर 'हरिप्रसाद नावाचा केसाळ तरुण'. राजम म्हणाली, 'तुझ्या बहिणीचा ना गं हा?' मी म्हटलं, असेल, बंगळूरात हरिप्रसाद काय एकच आहे?

ती गेल्यावर मी ते पान तीनदा वाचलं. खरं सांगू? शिव्या वाचून वाईट नाही वाटलं. वाईट याचं वाटलं की शिव्यासुद्धा तुझ्याच पोराला! निदान शिवी द्यायला तरी माझ्याची आठवण काढायची. 'बादली' म्हणे. ते माझं पातेलं आहे, बादली नाही.

तुम्ही पाठवलेली कॅसेट मी स्वयंपाकघराचं दार लावून ऐकली. इकडे केबल आलंय, त्यात रात्रंदिवस पोरं नाचतात, ते मी बघते, ते निदान गाणं आहे कळतं. तुमचं कुठे सुरू होतं नि कुठे संपतं तेच कळेना. मध्येच आवाज बंद झाला, मला वाटलं करंट गेला, म्हणून उठून दिवा बघितला. दिवा जळत होता.

तरी ते डेसिबल आलं की लगेच पाठव. त्या माणसाला तू तीनदा सांबार वाढलंस, रघुबद्दल काय सांगितलंस? सहा वर्षं मृदंग शिकला हे सांगितलंस? की पळीतच विसरलीस?

अक्का


बसवनगुडी, बंगळूर
१६ नोव्हेंबर १९९५

प्रिय अक्का,

डेसिबल सोबत पाठवते. पूर्ण एक पान आहे, फोटोसकट. नावं सापडायला त्रास नको म्हणून रेघा ओढल्यात, हरीला लाल, रघुला निळी. लेख लांब आहे, इंग्लिश जड आहे, सगळं उलगडून लिहायला वेळ नाही, यांचा गुडघा पुन्हा सुजलाय. एवढंच सांगते की सगळीकडे चर्चा आहे. माझ्या सांबाराचासुद्धा उल्लेख आहे, विश्वास बसेल?

पुन्हा लिहीन.

भुवना


मेलवीथी, तंजावूर
२७ नोव्हेंबर १९९५

भुवने,

मोजलं. अकरा लाल, दोन निळ्या.

मी पुन्हा मोजलं, कारण वाटलं की माझंच चुकत असेल. अकरा नि दोन. माझ्या पोराचं नाव दोनदा नि तुझ्या सांबाराचं एकदा! म्हणजे माझा रघु हा सांबारापेक्षा एकानं मोठा.

फोटो पाहिला. मध्ये हरी, तोंड उघडं, केस सगळे एका बाजूला. त्याच्यामागे दोन कुणाची तरी पोरं. आणि डाव्या कोपऱ्यात कडेला एक कोपर नि माझं पातेलं. पातेलं मी लगेच ओळखलं, कानाजवळ चेपलेलं आहे. पोराचा चेहरा कागदाच्या बाहेर राहिला. पंचवीस मैलांच्या परिसरात ज्याच्या हाताचं गुरुजी नाव काढायचे, त्याचं कोपर छापलं!

आता तू म्हणशील, अक्का जळते. जळते! चोरून कशाला जळू? लहानपणापासून मी सगळ्यात पुढे होते नि तू माझ्या मागे. मला ती सवय होती. आज तुझा पोरगा पानभर आणि माझा कोपरभर, हे मला गिळवत नाही. सकाळी कॉफीचं डिकाशन गाळते तर अकरा, भाजी चिरते तर अकरा. देवळात प्रदक्षिणा घालायला गेले, नवाला थांबायचं तर अकरा झाल्या.

तो दाढीवाला तुझ्या घरी बसला, तुझं जेवला, तुझ्या पोराचं बोलणं ऐकलं. तो माझ्या ओट्यावर बसला असता तर मी रघुची वही काढून दाखवली असती, गुरुजींच्या हातची. तू काय दाखवलंस? हरीचं शाळेतलं बक्षीस दाखवलं असशील.

म्हणून मी ठरवलं. काल रघुला तमिळमध्ये पत्र टाकलंय की माझ्या छातीत धडधडतं, पोंगलच्या आत परत ये, सोसायटीत जागा आहे. छातीत काही धडधडत नाही, हे तुला माहीत असलेलं बरं. पण तुझ्या पोराच्या मागे कोपर होऊन राहण्यापेक्षा माझा पोरगा पापनाशमला युरियाच्या पोत्यांमागे राहील. तिथे निदान टेबल एकट्याचं आहे.

मासिक मी तांदळाच्या डब्यात खाली घातलंय. पुन्हा बघणार नाही.

अक्का


बसवनगुडी, बंगळूर
९ डिसेंबर १९९५

अक्का,

रघु काल सकाळच्या गाडीनं निघाला. बॅग नि पातेलं घेऊन. मला नमस्कार केला, हरी घरात नव्हता.

तू घाई केलीस. या महिन्याच्या तेवीस तारखेला मोठा कार्यक्रम होता, मुंबईहून माणसं येणार होती. तोवर तरी राहू द्यायचं होतंस. आता उरलेले दोघं म्हणतात, पातेल्याशिवाय कार्यक्रम कसला? त्यांनी तो रद्द केला. हरी जेवत नाही, बोलत नाही. गच्चीवर जाऊन बसतो.

तुझ्या छातीचं खोटं मी कुणाला सांगितलेलं नाही. जास्त काही विचारू नकोस.

भुवना


मेलवीथी, तंजावूर
२१ जानेवारी १९९६

भुवनेश्वरी,

पूर्ण नावानं हाक मारलीय, म्हणजे तू समजलीस.

पोंगल झाला. रघु सोसायटीत रुजू झाला. रोज सातच्या बसनं पापनाशमला जातो, संध्याकाळी येतो. हे त्याच्याशी बोलू लागले. मी राजमला सांगितलं, कंप्यूटर कंपनी बंद पडली, आजकाल नवीन कंपन्या उघडतात नि मिटतात. ती म्हणाली, 'मला वाटलंच.' मी तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण मी जिंकले होते. जिंकलेल्या माणसाला लिहायला काय असतं?

परवा दुपारी मी इडलीबरोबरची मोलगापोडी चटणी कुटत होते. हे तांदळाच्या डब्याशी गेले, पोंगलचा उरलेला नवा तांदूळ ओतायला. बराच वेळ परत येईनात. बघते तर उभ्या उभ्या डेसिबल वाचताहेत, अंगाला तांदळाचं पीठ.

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. हे म्हणाले, 'हे कधीपासून आहे इथे?'

'कार्तिकापासून.'

'वाचून घेतलंस कुणाकडून?'

'कोण वाचणार? रेघा मोजल्या.'

'कसल्या रेघा?'

मी सांगितलं, लाल हरीच्या, निळ्या रघुच्या. अकरा नि दोन. हे माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं हिशेबात चूक निघाली. मग म्हणाले, 'बस इथे.' आणि एकेक ओळ मराठीत करून वाचली. मी तुला ते जसंच्या तसं लिहिते. तुला पाठच असणार, तरी माझ्या अक्षरात वाच.

'हरिप्रसाद गाऊ लागला की वाटतं, कुणीतरी उठून त्याला पाणी द्यावं.' एक लाल रेघ.

'हरिप्रसादला वाटतं की ओरडणं म्हणजे धाडस.' दुसरी.

'दोन तासांत हरिप्रसादनं सत्तावीस परदेशी बँडांची नावं घेतली, त्यातल्या एकाचंही तो काही शिकलेला दिसत नाही.' तिसरी.

'त्या संध्याकाळी हरिप्रसादच्या घरी सर्वांत चांगलं काही होतं, तर ते सांबार.' हा तुझ्या सांबाराचा उल्लेख. खरंच, विश्वास बसत नाही.

असं अकरा वेळा. आणि निळ्या दोन? यांनी त्या दोनदा वाचल्या, मी सांगितलं म्हणून. 'पातेल्यापाशी बसलेला रघुराम हा या चौघांतला एकटा ऐकणारा आहे. रघुराम हात थांबवतो तेव्हा सगळा हॉल ऐकू लागतो. हा बँड उद्या मोडला तरी चालेल, हा माणूस वाजवत राहिला पाहिजे.'

मासिक घडी घालून म्हणाले, 'आणि आपण त्याला खत विकायला बसवलं.'

रघु बसवरून उतरला तशी मी दारातच धरला. म्हटलं, तुला माहीत होतं? म्हणाला, 'हो.' म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? म्हणाला, 'काय सांगू, अम्मा? माझं चांगलं लिहिलंय ते हरीचं वाईट लिहून. घरात ते मासिक आलं तेव्हापासून हरी माझ्याकडे बघायचा बंद झाला. मावशी ताट वाढायची, पण तोंड भिंतीकडे करून. तुझं पत्र आलं, मला बरंच वाटलं. निघायला कारण मिळालं.'

तोंड भिंतीकडे करून, भुवने? आईविना दोन वर्षं आमच्या घरी राहिलीस तेव्हा माझ्या आईनं कधी तुला तसं वाढलं होतं?

तू इंग्लिश वाचतेस. तू सगळं वाचलंस. मग पेन्सिलीला टोक काढून माझ्यासाठी अकरा रेघा ओढत बसलीस. ते करताना हात थरथरला नाही तुझा? माझ्या पोराची बँडमधली जागा गेली, मुंबईची माणसं गेली. का केलंस ते लिही. गुडघ्याचं काही सांगू नकोस.

धनलक्ष्मी


बसवनगुडी, बंगळूर
१२ फेब्रुवारी १९९६

अक्का,

तीनदा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

मासिक आलं तेव्हा हरीनं ते फेकून दिलं. मी उचललं, वाचलं नि भिंतीला डोकं टेकून बसले. तुला पाठवणार नव्हते. पण तू मागत होतीस, आणि तुझं ते पत्र होतं ना, शिव्यासुद्धा हरीलाच म्हणून चिडलेलं, ते मी उशीखाली ठेवलं होतं. अक्का, तू माझ्यावर जळतेस! धनलक्ष्मी, जिचे उतरलेले परकर मी चौदा वर्षांची होईपर्यंत घातले, जिला घर मिळालं, शेत मिळालं, सरकारी नवरा मिळाला, ती माझ्यावर जळते. मला आयुष्यात कुणाला कधी हेवा वाटावा असं काही मिळालं नव्हतं. ते खरं नव्हतं हे मला कळत होतं, तरी सोडवेना. म्हणून रेघा ओढल्या. हात थरथरला नाही. उलट छान सरळ आल्या.

रघुकडे बघवत नव्हतं हेही खरं. चांगलं पोर आहे, म्हणून जास्तच बघवत नव्हतं. वाईट असता तर बरं झालं असतं.

यापुढचं सगळ्यात वाईट. रघु गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी त्याच्या नावानं आमच्या पत्त्यावर एक पत्र आलं, त्या दाढीवाल्याचं. मी उघडलं. मुंबईत नाचाचा एक मोठा खेळ बसवताहेत, सहा महिने तालीम, मग देशभर फिरणार. त्यांना वाजवणारा हवाय. एकटा रघुच हवाय. एक मार्चला हजर व्हायचं, फेब्रुवारीअखेर कळवलं तरी चालेल. मी ते दोन महिने ट्रंकेत साड्यांखाली ठेवलं. पापनाशमला पाठवायचं रोज ठरवायची.

ते सोबत आहे. आता तू दे, नाहीतर चुलीत घाल. मला विचारू नकोस, मला काही विचारायचा तुला हक्क आहे, पण उत्तर द्यायची माझी लायकी नाही.

भुवना


मेलवीथी, तंजावूर
१९ फेब्रुवारी १९९६

भुवने,

तुझं पत्र गुरुवारी आलं. मुंबईचं पाकीट मी लगेच रघुला दिलं असेल असं तुला वाटत असेल. नाही दिलं. शनिवारपर्यंत गणपतीच्या तसबिरीमागे ठेवलं.

खरं लिहायचं ठरलंय तर लिहिते. तो घरी आहे. हे त्याच्याशी बोलतात, संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून पेपर वाटून वाचतात. पेन्शनची जागा आहे. गेला की देशभर फिरेल नि माझ्याकडे वर्षातून एकदा पाहुण्यासारखा येईल. आधी मला तुझ्या पोराचा हेवा वाटत होता, आता त्या पातेल्याचा वाटू लागला. ते त्याच्याबरोबर जाणार, मी नाही. दोन दिवस मी ते पाकीट दाबून ठेवलं तेव्हा मला तुझं सगळं कळलं. माफ केलं असं नाही, फक्त कळलं.

शनिवारी त्याला जेवायला वाढलं. लहानपणापासून हा ताटाच्या कडेवर बोटं वाजवतो, तांब्यावर वाजवतो, पाटावर वाजवतो. 'अन्नापुढे तमाशा नको' म्हणून मी हातावर पळीनं मारायची. त्या दिवशी ध्यानात आलं, आल्यापासून एकदाही वाजवलेलं नाही. हात ताटाच्या बाजूला ठेवलेले असतात, दुसऱ्या कुणाचे आणून ठेवल्यासारखे. मी म्हटलं, 'वाजव की.' म्हणाला, 'काय?' त्याला आठवतच नव्हतं. मी उठले नि पाकीट आणून ताटात ठेवलं, रसमभातावर. एक कोपरा भिजला, पण वाचता येतं.

त्यानं वाचलं. तारीख बघितली. तुझ्या ट्रंकेतलं मी सांगितलं, माझ्या तसबिरीमागचंही सांगितलं. पाकिटाचा भिजलेला कोपरा पुसत म्हणाला, 'तुम्ही दोघी बहिणी म्हणजे...' आणि जेवू लागला.

हे म्हणाले, 'राजीनामा इंग्लिशमध्ये मी लिहितो, याचं व्याकरण बरं नाही.' आज सकाळी स्वतः पापनाशमला जाऊन गोपालकृष्णांच्या हातात देऊन आले. ती जागा आता कायमची गेली. मी राजमकडे जाऊन सांगितलं, मुलगा मुंबईला पातेलं वाजवायला चाललाय. ती म्हणाली, 'कुठली कंपनी?' म्हटलं, कंपनी नाही, पातेलंच.

मला ते अजून गाणं वाटत नाही. पण परवा कॅसेट पुन्हा लावली. मागे मला करंट गेल्यासारखा वाटला होता तो आवाज बंद झाल्याचा भाग, तो माझा पोरगा आहे म्हणे. दिवा न बघता बसले. शेजारी चाललेला पंप ऐकू आला, मग यांचा खोकला, मग बाहेर कुणाची सायकल. एवढंच. बरं वाटलं.

आता काम ऐक. रघु रविवारी सकाळी बंगळूरला उतरेल, दोन दिवसांनी तिथून मुंबईची गाडी आहे. तो म्हणत होता, 'हरीला बोलावलेलं नाही, मी मावशीकडे कसा उतरू? लॉज बघतो.' मी म्हटलं, लॉज नाही, मावशीकडेच. तुझी परवानगी विचारत नाही. तू दोन दिवस त्याला रांधून वाढ, तोंड त्याच्याकडे करून. हरीला शेजारच्या पाटावर बसव. बोलले तर बोलले, नाही तर नाही, दोघांना एका वेळी वाढ.

हरीचं काय होणार ते मला सुचत नाही. तो बोलघेवडा आहे, गाणं येत नसेल, पण त्या दाढीवाल्यापेक्षा बरं बोलतो. त्यानं गाण्यावर लिहावं असं रघुला वाटतं. हे मी माझ्या मनाचं नाही लिहिलं, रघुनं सांगितलं.

आणि तू. माझा पोरगा तुझ्या दारातून मुंबईला जाईल, तुझा गच्चीवर असेल. तुला बघवणार नाही. तर मग जळ. मी चार महिने जळले, मेले नाही. मात्र या वेळी रेघा ओढू नकोस, ट्रंक उघडू नकोस, उघड उघड जळ. गाडी सुटल्यावर घरी जाऊन मला शिव्यांचं पत्र लिही, लांबलचक लिही. मी उशीखाली ठेवीन.

अक्का